काचेचं कॅबिनेट

९ नोव्हेंबर, रविवार

हरेशच्या डोक्यात कॅबिनेट शिरलंय. (चारचौघांत मी नवऱ्याचं नाव घेत नाही, ‘अहो’वर भागवते. पण डायरीत नाव घ्यायला मला कोण अडवतंय?) कॅबिनेट म्हणजे मंत्र्यांचं नव्हे आणि कपाटही नव्हे. गेम खेळायचा कॉम्प्युटर ज्या पेटीत जोडतात तिला कॅबिनेट म्हणतात, हे मलाही याच महिन्यात कळलं. पेटीच्या आतला सगळा ऐवज त्याने गेल्या काही महिन्यांत एकेक करून आणलाय. डिप्लोमाला असल्यापासूनची हौस आहे म्हणतो. आमच्या कामोठ्याच्या दोन खोल्यांत तो ऐवज पलंगाखाली, माझ्या ट्यूशनच्या वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी खोक्यांमध्ये पडून आहे. आता फक्त पेटी निवडायची राहिली. आणि ती निवडायला हा माणूस जेवढा वेळ लावतोय, तेवढा मला बघायला आला तेव्हाही लावला नव्हता. तेव्हा चहा निवायच्या आत होकार दिला होता.

त्याला काचेचं पाहिजे. एक अख्खी बाजू काचेची आणि आतले पंखे लाल-निळे-हिरवे उजळणारे. चाळिशीला आलेला माणूस, तळोज्याच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटचं काम करतो, आणि घरात गणपतीची आरास पाहिजे! मी सांगितलं, साधं काळं पत्र्याचं घ्या, चारी बाजूंनी बंद. तळोज्याकडून वारा सुटला की आमच्या खिडकीच्या गजावर नुसतं बोट फिरवलं तरी काळं होतं. ती धूळ त्या काचेवर बसणार, आणि पुसणार कोण? मीच.

तो वाद घालत नाही. “लाइट बाजूला पाहिजेत,” एवढंच म्हणतो. “समोर नाही चालणार, बाजूलाच पाहिजेत.” का, ते सांगत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हरेशने कंपनीत सांगून कायमची दिवसपाळी मागून घेतली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. रात्रपाळीला तो गेला की मला धड झोप लागायची नाही.

पण माणूस घरी येऊन करतो काय? दिवेलागण झाली की हलत नाही. स्कूटर खाली धूळ खात पडली आहे. कंपनीच्या बसने येतो, कोपऱ्यापासून चालत. चालणं तब्येतीला चांगलं म्हणे. आज दूध संपलं होतं. म्हटलं, समोरून एक पिशवी आणा. तर म्हणतो, “आभाला पाठव ना.” नऊ वर्षांच्या पोरीने तो रस्ता ओलांडायचा आणि बापाने पलंगावर बसून राहायचं! मीच गेले. येऊन बोललेसुद्धा नाही त्याच्याशी.

तोवर बापलेकीचा रोजचा खेळ सुरू झाला होता. हरेश तिला समोर बसवतो. “माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही, डोळेही नाही. आता सांग, हातात काय आहे?” आणि हात लांब बाजूला नेतो. चमचा, कंगवा, पेन. आभा खिदळत ओळखते. तो हात आणखी मागे नेतो. ती ओळखते. परत मागे. निम्मा वेळ जरी पाढ्यांना दिला असता तर कार्टीला सतराचा पाढा अडला नसता.

१६ नोव्हेंबर, रविवार

पनवेलला हेतलबेनच्या दुकानात गेलो. बाई एकटी कॉम्प्युटरचं दुकान चालवते, तोंडाने गोड आणि हाताने चटपटीत. तिने काचेचं कॅबिनेट काउंटरवर ठेवलं, वायर लावली आणि पंखे उजळले. खरं सांगायचं तर दिसत होतं छान.

मग हरेशने तिला दुकानातले दिवे घालवायला सांगितले. ती हसली, पण घालवले, शटरही अर्धं खाली ओढलं. हरेश कॅबिनेटला खांदा लावून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “आता रंग बदला,” म्हणाला. हेतलबेनने रिमोट दाबला. पिवळा झाला, जांभळा झाला. तो भिंतीकडेच बघत राहिला, एक हात काउंटरला धरून. मला लाज वाटली. भिंतीवर एका सिमेंटवाल्याचं कॅलेंडर होतं, दुसरं काहीच नव्हतं.

“लावा दिवे,” म्हणाला शेवटी.

मी माझं धुळीचं भाषण सुरू केलं. हेतलबेन म्हणाली, “भाभी, बंद बॉडीत गरमी होते. हवा खेळती पाहिजे. हरेशभाईंना आवडलाय ना हा?”

तर हरेशच म्हणाला, “नको. काचेचं नकोच. हिला पाहिजे ते द्या.”

एवढ्या दिवसांचा हट्ट आणि असा सुटला! मी जिंकले. पण बाहेर पडताना तो दुकानाची पायरी चुकला आणि उभ्या मोटरसायकलवर आदळला. “लक्ष कुठे असतं हो तुमचं?” म्हटलं. “ऊन डोळ्यावर आलं,” म्हणाला. रिक्षात काळ्या पेटीचं खोकं माझ्या मांडीवर होतं. पोराच्या हातातलं खेळणं ओढून घेतल्यासारखं वाटत राहिलं मला. वाईट वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल गावी हरेशच्या चुलतभावाची, प्रणितची हळद होती. मान खाली घालून परत आलो.

मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती, दिवस बुडत होता. आमच्या घरात नवऱ्यामुलाला पहिली हळद थोरल्या भावाने लावायची पद्धत. म्हणजे हरेशने. भगवानकाका, घरातले सर्वांत मोठे, हळदीचं ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. ताट पुढे केलं. हरेश सरळ बघत उभा. काका थांबले, परत ताट पुढे केलं. आणि हा चालायला लागला, कोपर ताटाला लागलं आणि हळद मातीत सांडली. गाणं बंद पडलं.

काकांनी आवाज चढवला. “आमी शेजारी उभं हाव तं बघत बी नाय! शिकला, बिल्डिंगीत रायला गेला, आता आमी दिसत नाय त्याला!”

हरेशने वाकून काकांचे पाय धरले. मग जाऊन बसला तो जगनमामांजवळ. हे त्याच्या आईचे भाऊ. फार वर्षांपूर्वी दृष्टी गेली, मामी हाताला धरून नेते-आणते. सगळे नाचत होते आणि हा मामांचा हात हातात घेऊन त्यांना हळूहळू काहीतरी विचारत होता. मामांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी जवळ जाऊन हरेशच्या तोंडाचा वास घेतला. गावच्या हळदीत पुरुषांचं काय चालतं ते मला माहीत आहे. बडीशेपेचा वास होता फक्त. प्यायला असता तर निदान कारण तरी सापडलं असतं. घरी येताना रडले. हा माणूस माझ्यापासून, सगळ्यांपासून लांब चाललाय आणि का ते सांगत नाही. दुसरी कोणी असेल का, इथपर्यंत मनात येऊन गेलं. देवा, तसलं नको.

३० नोव्हेंबर, रविवार

आज कॉम्प्युटर जोडला. भर दुपारी बाल्कनीतल्या उन्हात चादर पसरून बसला होता. ट्यूबलाइटखाली पंख्याच्या वाऱ्यात बसावं ना! पण हात काय चालतात त्याचे. वायरी अशा वळवून बसवत होता की माझी वेणी काय वळेल. एक स्क्रू पडला, त्याच्या गुडघ्याशेजारीच, चकचकीत. तर हा चादरीवर तळहात फिरवत शोधतोय. मी हसले. “आजोबा, चष्मा आणू का?” उचलून दिला. तोही हसला, थोडा.

संध्याकाळी सुरू झाला. आभाने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं आता ठो-ठो गोळीबार ऐकावा लागणार. पण गेममध्ये हा एका डोंगरावर चढला आणि नुसता चालत राहिला. खाली दरी, झाडं, नदी, पाण्यावर मावळतीचा उजेड. कोणाला मारलं नाही, कुठे पळाला नाही.

“एवढा खटाटोप डोंगर बघायला?” मी विचारलं. “प्रबळगडावर नेलं असतं मी तुम्हाला, वडापाव बांधून.”

“बघू दे गं,” म्हणाला. “सगळं एकदा नीट बघू दे.”

३ डिसेंबर, बुधवार

उरलेल्या पडद्याच्या कापडाचं कॉम्प्युटरला कव्हर शिवलं, खाली झालर लावून. आमच्याकडे मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, शिवणयंत्राला आहे; यानेच काय पाप केलंय? हरेश म्हणाला, “अगं, त्याला हवा लागते.” म्हटलं, खेळताना काढत जा. बऱ्याच दिवसांनी तो मोकळा हसला. झालर हातात धरून आभाला म्हणाला, “तुझ्या आईने कॉम्प्युटरला परकर नेसवला बघ.”

५ डिसेंबर, शुक्रवार

आजचं आजच लिहिते. लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

आज दुपारपासून तळोज्याच्या कारखान्यांचा तो वास आणि धूळ. समोर नवीन टॉवरचं कामही चालू. संध्याकाळी हरेश खेळायला बसला होता, नेहमीसारखे पडदे ओढून, ट्यूब बंद करून. आभा शेजारी स्टुलावर. मी बाजूने गेले आणि चालू कॉम्प्युटरवरच हळूच कव्हर चढवलं. त्याच्या कोपराजवळ उभी राहून झालर सारखी केली. त्याला पत्ताही लागला नाही. मला गंमत वाटली आणि मी स्वयंपाकघरात गेले.

भाकरी तव्यावर असताना त्याची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

“मनिषा! गेलं गं! सगळं गेलं!”

मी पिठाच्या हाताने धावले. कॉम्प्युटर बंद पडला होता, स्क्रीन काळा. खोलीत अंधार, पण पडद्यातून रस्त्याच्या दिव्याचा उजेड येत होता; मला सगळं दिसत होतं. हरेश उभा होता, दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपत. आभा त्याच्या अगदी समोर उभी होती. “बाबा, मी इथे आहे. बाबा, इथेच आहे ना मी.” त्याचे हात तिच्या डोक्यावरून फिरत होते, खाली येत नव्हते.

मी बटण दाबलं. ट्यूब लागली तसे त्याने डोळे मिचकावले, माझ्याकडे बघितलं, आभाकडे बघितलं. मग तो खाली बसला आणि तिला छातीशी धरून हमसून हमसून रडला. त्याचे वडील गेले तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

“आई, हे किती तापलंय!” आभा कव्हरला हात लावून म्हणाली. बंद पेटी, वर माझं कव्हर. जीव घुसमटून बंद पडलं होतं बिचारं. आणि याला वाटलं आपले डोळेच गेले.

आभाला शेजारच्या गोदूबाईंकडे बसवलं आणि मग त्याने सांगितलं. डोळ्याचा पडदा कडेकडेने सुकत चाललाय. आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, औषध नाही. अंधारात आता काहीच दिसत नाही. उजेडात समोरचं दिसतं, पण बाजूचं नाही. गेल्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलं. जगनमामांचं असंच झालं होतं, आणि काय काय होत जातं ते हा त्यांनाच विचारत होता.

“वर्षभर! मला का नाही सांगितलंत?” मी ओरडलेच.

“सांगितलं असतं तर तू आभाकडे बघून रडत बसली असतीस.”

“आभाकडे का?”

मग माझ्या डोळ्यांसमोर तो चमचा आला. कंगवा आला.

“घराण्यात उतरतं ते,” तो म्हणाला. “दवाखान्यात न्यायची हिंमत नव्हती माझी. म्हटलं, गेम खेळता खेळता रोज कळत राहील. ती स्क्रीनकडे बघेल आणि बाजूच्या काचेतला लाइट कुठल्या रंगाचा ते सांगेल. तिला खेळच वाटेल. दुकानात मी आधी स्वतः उभा राहून बघितलं, मनू. रंग सोड, लाइट लागलाय हेसुद्धा मला कळलं नाही. तेव्हा इतकी भीती वाटली की म्हटलं, नकोच ते घरात.”

भाकरी जळून कोळसा झाली होती. आम्ही दोघंही जेवलो नाही.

७ डिसेंबर, रविवार

काल टीपॉय भिंतीला लावला. दारातला चपलांचा ढीग उचलला. स्टूल, बादल्या, ट्यूशनच्या चटया, सगळं कडेला. काम करता करता रडत होते आणि रडता रडता स्वतःला शिव्या घालत होते. पायरी, दूध, स्कूटर, स्क्रू. शेजारी झोपणाऱ्या बाईला दिसू नये? राग त्याचाही येतो. मला सांगायला हवं होतं त्याने. आणि लगेच त्याचे ते चाचपणारे हात आठवतात आणि राग विरून जातो.

काल भगवानकाकांना मी फोन केला होता. हरेश नको म्हणत होता, तरी केला. आज सकाळी काका पहिल्या रिक्षाने आले, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. हरेश उठायला लागला तसा त्यांनी हात धरून बसवला आणि खुर्ची ओढून बरोबर त्याच्या तोंडासमोर बसले.

“मी समोरच बसतो. दिसतो ना रं?”

“दिसता, काका.”

“मंग झालं.” काका उपरण्याने डोळे पुसत राहिले. “मना काय म्हाईत रं पोरा. मना काय म्हाईत.”

११ डिसेंबर, गुरुवार

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आभाला नेलं. हरेशने आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा धड घेतलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत थेंब घातले, वाट बघितली, मग एका मशीनसमोर बसवलं. मध्ये बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. आत मला जाऊ दिलं नाही. दाराबाहेर बटणाचा टिक-टिक आवाज ऐकू येत होता. मध्येच थांबला की माझा श्वास थांबायचा.

डॉक्टर म्हणाल्या, आत्ता काहीही नाही. पडदा छान आहे. दर वर्षी दाखवत राहा. मी त्यांचे हातच धरले. आभा विचारत होती, “मी जिंकले का?”

हरेशची परत तपासणी केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, किती उरलंय. त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, हात लांब करून त्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “एवढं. तुझं तोंड मावतं, बघ.” मी तिथेच बाकावर बसले. कंपनीला सांगावं लागणार. पुढे काय, ते दोघांनाही माहीत नाही. आत असतानाच मी डॉक्टरांना विचारलं होतं, कॉम्प्युटरने आणखी बिघडेल का. डॉक्टर नाही म्हणाल्या. खेळू द्या म्हणाल्या त्यांना, आवडतं ते बघू द्या.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी एकटीच हेतलबेनकडे गेले. काळी पेटी परत घ्या म्हटलं, काचेची द्या. तिने कपाळाला आठी घातली. “भाभी, धूळ?”

“पुसेन,” म्हटलं. तिने काही न विचारता खोकं रिक्षापर्यंत आणून दिलं.

हरेशने खोकं पाहिलं आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग दुपारच्या उन्हात बसून सगळा ऐवज एकेक करून नव्या पेटीत हलवला. पडलेले स्क्रू मी शोधून देत होते, या वेळी न हसता.

संध्याकाळी पडदे ओढले, बारका दिवा ठेवला. दोघं स्क्रीनसमोर शेजारी शेजारी बसले. डोंगर, दरी, नदी. कॅबिनेट मी मुद्दाम बाजूला, जरा मागे ठेवलं होतं. रिमोट माझ्या हातात. आभाला म्हटलं, मान न हलवता रंग सांगायचा.

“निळा!” आभा ओरडली.

“निळा,” हरेश म्हणाला.

मी बटण दाबलं. “पिवळा!” “पिवळा.” परत दाबलं. “जांभळा!” “हो, जांभळा.” एकही चुकला नाही, तिचाही नाही आणि त्याचाही नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, दवाखान्यातलं ते मशीनच खोटं असेल. घरात, आपल्या माणसांत त्याला दिसतंय. “निळा!” “निळाच.” मी हसत होते, आभा हसत होती, तोही हसत होता.

मग आभाला गेममध्ये एक हरीण दिसलं आणि ती त्याच्यामागे धावत सुटली. रंग सांगायचं विसरूनच गेली. मी बटण दाबलं.

हरेश काही बोलला नाही. सरळ समोर बघत होता, तोंडावर तेच हसू धरून. मी वाट बघितली. तोही बघत होता, आभा बोलायची वाट.

थोड्या वेळाने त्याने मान न वळवता हळूच विचारलं, “बदललास का गं?”

पेटीतले सगळे पंखे लालभडक फिरत होते, त्याच्या गालावर, खांद्यावर लाल उजेड पडला होता.

“नाही हो,” मी म्हटलं. “अजून निळाच आहे.”